सायमन द माँफर्ट आणि ‘जगातील पहिल्या संसदे’चा दावा

“इंग्लंडमधील लेस्टरचा अर्ल (बडा सरदार) सायमन द माँफर्ट याने १२६५ मध्ये जगातील पहिली संसद भरवली, सामान्य माणसाला मताधिकार दिला आणि राजाची सत्ता लोकांकडे सोपवली,” असा मजकूर सर्वत्र फिरतो आहे. यातील एकही विधान पुराव्यावर टिकत नाही.

पहिली संसद ती नव्हेच. स्पेनमधील लेओनच्या राजाने ११८८ मध्येच आपल्या सभेत शहरांचे प्रतिनिधी बोलावले होते. खुद्द इंग्लंडमध्येही १२५४ साली, राजा तिसरा हेन्री फ्रान्समधील गॅस्कनी प्रांतात असताना, कारभार पाहणाऱ्या राणी एलिनॉरने करासाठी प्रत्येक शायरमधून (परगण्यातून) दोन नाईट (सरदारांखालच्या दर्जाचे जमीनदार योद्धे) पाचारण केले होते.

मताधिकाराचे विधान तर निराधारच आहे. १२६५ च्या सभेला आलेले नाईट आणि नगरवासी आपापल्या भागातील प्रतिष्ठित व सधन पुरुष होते. भूदासांना किंवा स्त्रियांना तेथे स्थान नव्हते.

सत्तेचा मुद्दा अधिक बारकाईने पाहायला हवा. मे १२६४ मध्ये ल्यूइसच्या लढाईत माँफर्टने राजा व युवराज एडवर्ड यांना ताब्यात घेतले आणि त्यानंतर राज्य चालले ते राजाच्या नावाने, पण माँफर्ट व त्याच्या मोजक्या साथीदारांच्या इच्छेने. जानेवारी १२६५ च्या सभेला केवळ २३ सरदारांना बोलावणे गेले, कारण बहुतेक बडे सरदार त्याच्या बाजूला नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठीच त्याने नाईटांबरोबर शहरांकडेही आधार मागितला, असे मला वाटते. तरीही त्याचे खरे श्रेय येथेच आहे: शहरांचे प्रतिनिधी केवळ करमंजुरीसाठी नव्हे, तर युवराजाच्या सुटकेच्या अटींसारख्या राज्याच्या राजकीय प्रश्नांसाठी इंग्लंडमध्ये प्रथमच एकत्र बसले.

त्याला लोकांचा कैवारी म्हणणाऱ्या या मजकुरात आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलेली आहे. त्याने १२३१ च्या सुमारास लेस्टरमधून ज्यूंना हाकलून दिले आणि १२६४ मध्ये त्याच्या समर्थकांनी लंडनमध्ये ज्यूंची कत्तल केली. त्या माणसांचे मरण वगळून लिहिलेले कौतुक मला मान्य नाही.

४ ऑगस्ट १२६५ रोजी इव्हशॅम येथे एडवर्डच्या सैन्याने माँफर्टला ठार केले. पुढे राजा झालेल्या त्याच एडवर्डने १२७५ मध्ये नाईट आणि नगरवासी यांना संसदेत बोलावले. मात्र त्यांची उपस्थिती नियमित झाली ती चौदाव्या शतकात, राजांना युद्धांसाठी करांची सतत गरज भासू लागल्यावर.