‘गप्पांचा अड्डा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

धारावीतल्या ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या, मीटिंगांवर मी लिहिलं, त्याखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आहे: ‘दारू सोडवायला डॉक्टर लागतो. मद्रासी, मराठी, भय्ये एका खोलीत बसवून गप्पांचा अड्डा भरवला म्हणजे उपचार होत नाहीत. लेखकाने दारुडा जवळून पाहिलेला दिसत नाही.’ पुढे पैसा, आकडेवारी वगैरे आणखी तीन मुद्दे.

तुमचं बरोबर आहे ते आधी मान्य करतो. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टरच हवा. यावर मी एकच ओळ लिहिली, ती कमी पडली.

पण ‘अड्डा’? दहा वर्षांचा असताना आई मला बाबांना आणायला जिथे पाठवायची, त्या जागेला आमच्या घरात अड्डा म्हणत. आधी खिशातला उरलेला पगार काढून घ्यायचा, मग बाबांचा हात धरायचा, हे तिनेच शिकवलेलं. बाबा दोनदा दवाखान्यात राहून आले. हातांची थरथर थांबली, दारू नाही. मग एका संध्याकाळी शेजारच्या गल्लीतले तमिळ अण्णा दारात आले. त्यांची हिंदी मोडकी, बाबांची त्याहून मोडकी. ‘मैं भी पीता था. चलो, चाय पीते हैं.’ शाळेचा वर्ग, पोरांचे बुटके बाक, गुडघे छातीशी घेऊन बसलेली माणसं: कुंभारवाड्यातला गुजराती, चामड्याच्या कामावरचा उत्तर प्रदेशचा, आमचे बाबा. दोन महिने बाबा एक शब्द बोलले नाहीत. कुणी बोलायला लावलंही नाही. अण्णा मात्र दर मीटिंगला न्यायला यायचे. आणि तुम्ही म्हणता, जवळून पाहिलेलं नाही! निदान विचारायचं तरी होतं. ‘भय्ये’, ‘मद्रासी’ हे शब्द त्या वर्गात कुणी काढले नाहीत, ते तुम्ही काढलेत.

बरं, डॉक्टर. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये ए.ए. सुरू झालं ते दोघांमुळे. एक शेअर बाजारातला, दुसरा सर्जन. सर्जन असूनही त्याची दारू सुटत नव्हती. दुसरा पिणारा समोर येऊन बसला तेव्हा सुटली. गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून पुरुषांशी बोलणी करवली. तीन महिन्यांनी घातक पिण्यातून बाहेर आलेले ३६ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारांत २६ टक्के. २०१७च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलंय. हे लोक पुरते व्यसनी नव्हते, घातक पिणारे होते, हे मीच सांगतो, नाहीतर तुम्ही तेवढंच धराल.

बाकीच्या मुद्द्यांत मी शिरत नाही. ज्याने पहिल्याच ओळीत त्या माणसांना हिणवलं, त्याच्याशी पैशांचा हिशेब कशाला करू?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘अड्डा’ हा शब्द मात्र मागे घ्या.