दोष एकट्या टर्बाइनचा नाही

ब्रिटिश नौदलाच्या टाइप ४५ विनाशिका आखाताच्या गरम पाण्यात बंद पडतात कारण 'टर्बाइनला उष्णता सोसत नाही', हे संरक्षण खर्चावरच्या लेखातलं विधान अर्धवट आहे. जहाजाला वीज पुरवणाऱ्या डब्ल्यूआर-२१ या गॅस टर्बाइनचा मूळ गाभा ठीक आहे. अडचण त्याला जोडलेल्या इंटरकूलर-रिक्युपरेटरची, म्हणजे आत जाणारी हवा थंड करणाऱ्या आणि बाहेर पडणारी उष्णता पुन्हा वापरणाऱ्या यंत्रणेची. समुद्राचं पाणी तापलं की इंटरकूलर हवा पुरेशी थंड करू शकत नाही आणि टर्बाइनची ताकद घटते. जहाजावरचा विजेचा भार मात्र तेवढाच राहतो. टर्बाइन ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, की तो सगळा भार दोन डिझेल जनरेटरवर येतो. ते प्रत्येकी फक्त २ मेगावॅटचे, त्यामुळे तेही ओव्हरलोड होऊन बंद पडतात. प्रोपेलर फिरवणाऱ्या मोटरी विजेवरच चालत असल्याने दिवे, रडार आणि जहाजाचा वेग एकदमच जातो.

म्हणूनच दुरुस्तीत टर्बाइन बदललेले नाहीत. दोन जुने डिझेल काढून प्रत्येकी ३ मेगावॅटचे एमटीयू कंपनीचे तीन डिझेल जनरेटर बसवतात, म्हणजे ४ ऐवजी ९ मेगावॅट. नेहमीच्या वेगाला डिझेल पुरतात, टर्बाइन जास्त वेगासाठी राखून ठेवता येतं. इंग्लंडमधल्या बर्कनहेडच्या गोदीत हे काम सर्वांत आधी यातल्या 'डॉन्टलेस' या विनाशिकेवर झालं आणि २०२२ मध्ये ती चाचण्यांसाठी समुद्रात उतरली. मूळ बेत १२ जहाजांचा होता, बांधली फक्त ६. त्यातलं एक जरी या कामासाठी गोदीत अडकलं तरी ताफ्याच्या हवाई संरक्षणाचा सहावा हिस्सा जातो. त्या लेखात हा हिशेब यायलाच हवा होता.