नागपुरात येऊन इडली कशी खावी

नागपूरला निघालात? उत्तम. अधिवेशन असो, साखरपुडा असो की ताडोब्याला जातानाचा मुक्काम, सामान खोलीवर टाकलं की आधी विचारायचं, "इथं चांगलं साऊथ इंडियन कुठं मिळतं हो?" समृद्धीवरून ७०१ किलोमीटर गाडी हाकली ती काय सावजी रस्सा खायला? तर्रीपोह्यांच्या ठेल्यापाशी गाडीची काच वर करा. ती तर्री नुसती बघूनही पोट बिघडतं, हे तुमच्या सोसायटीतल्या जाणकारांनी सांगितलेलंच असेल.

हॉटेलात शिरलात की वेटरला "अण्णा" अशी हाक मारा. तो भंडाऱ्याचा असेल, बालाघाटचा असेल, तुम्हाला काय त्याचं! पाटीवर 'साऊथ' लिहिलंय ना, मग आतली सगळी माणसं थेट मद्रासहून उतरलेली. बोलायचं अर्थात हिंदीत. "अण्णा, सांबार थोडा और लाना." त्यावर तो "आणून राहिलो ना भाऊ" म्हणाला तरी डगमगू नका. पुढचं वाक्यही हिंदीतच टाका.

मेनूकार्ड शेवटच्या पानापर्यंत वाचा. पेसरट्टू म्हणजे काय, ते विचारा. तो सांगेल, आंध्राकडचा डोसा, अख्खे मूग भिजवून, वाटून केलेला. "पीठ आंबवत नाहीत?" नाही. "आत बटाटा?" नाही, पण आत उपमा भरला तर त्याला एमएलए पेसरट्टू म्हणतात. अधिवेशनाला आलेल्यांनी इथं डोळा मिचकावून घ्यावा. एवढी सगळी चौकशी झाली, मागच्या टेबलावरची माणसं ताटकळली, की मेनूकार्ड मिटा आणि मसाला डोसा सांगा.

इडलीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण खरी पाहुणचाराची संधी तिथं आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळं दरवर्षी सरकार इकडं येतं, आणि येतं तेही ऐन थंडीत. रात्री पारा दहा अंशांच्या आसपास घसरतो. उडीद-तांदळाचं पीठ फुगवणाऱ्या जंतूंना लागते उन्हाळ्यासारखी ऊब. त्यांना कराराशी काही देणंघेणं नाही. मग हॉटेलवाला पिठाचं पातेलं भट्टीच्या कडेला सरकवतो, घरोघरच्या बाया ते गोधडीत गुंडाळून ठेवतात आणि पहाटे झाकण उघडून बघतात, वर आलं का. इतक्या खटाटोपातून फुगलेली इडली वाफाळत तुमच्यासमोर आली की चमच्याच्या टोकानं तिला दोनदा दाबा. डॉक्टर पाय सुजलेल्या पेशंटला दाबतात, तसं. मग सोबतच्या माणसाकडं बघून म्हणा, "आमच्याकडं अशी नसते."

आमच्याकडं म्हणजे डोंबिवलीला. अस्सल दाक्षिणात्य चव डोंबिवलीच्या पूर्वेला मिळतच नाही, हे एकदा मनात पक्कं करा. तुमच्या कोपऱ्यावरचं सांबार उडुपी वळणाचं, गुळाच्या खड्यानं गोडसर झालेलं. तेच खरं. इथलं चिंचेकडं झुकलेलं, तिखट निघालं तर ते नकली. तमिळनाडूतही तसंच करत असतील, तर तमिळनाडूचंही चुकतंच.

सांबाराची स्टीलची बादली टेबलाशी आली की इतिहास काढायला विसरू नका. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं. पुढं तिथल्या मुदपाकखान्यात एकदा आमसुलं संपली, चिंच घातली, आणि संभाजीराजे पाहुणे होते म्हणून नाव पडलं सांबार! ही कथा घासाघासाला सांगण्यासारखी आहे. कुणी पुरावा मागितला तर तिसरी वाटी मागवा. शिवाय सांबार आपलंच ठरलं, म्हणजे त्याला मनसोक्त नावं ठेवायचा हक्कही आपलाच. (आमच्या भाजीबाजारात सांबार मागितला तर कोथिंबिरीची जुडी हातात पडते. पण तुम्ही भाजीबाजारात कशाला जाल?)

कॉफीचं फारसं काही नाही. पेल्यातली वाटीत, वाटीतली पेल्यात, हा प्रयोग हातभर उंचीवरून आणि पांढऱ्या शर्टावर करावा. तोंडात पहिला घोट असतानाच म्हणावं, "चिकोरी जास्त आहे." चिकोरी कुणी पाहिलेली नसते, त्यामुळं वाद होत नाही.

तीन दिवस असे काढलेत की एखादा नागपूरकर घरी जेवायला बोलावणारच. टाळता आलं तर टाळा. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडं असेच एक पाहुणे आले होते. तिन्ही वेळा डोसा खाऊन आलेले. आईनं सांबारवडी केली होती. नाव ऐकताच पाहुणे सावरून बसले, बाह्या दुमडल्या. ताटात आली बेसनाच्या पारीची, तेलातून नुकती काढलेली, एका कडेनं जरा फुटलेली वडी. फटीतून हिरवं सारण आणि भाजलेलं खोबरं डोकावत होतं. बाजूला कढीची वाटी. पाहुण्यांनी कढी बोटभर चाखली, वाटी परत ठेवली. वडीला हात लावेनात. आम्ही आपले खातोय, ते स्वयंपाकघराच्या दाराकडं बघतायत. शेवटी म्हणाले, "काकू, सांबार आणायचं राहिलं वाटतं."

आई कढई तशीच ठेवून झाऱ्यासकट बाहेर आली. आधी त्यांच्या ताटाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"आतच आहे ना बाप्पा!"