पुढचे पडले म्हणून जिंकला, एवढीच गोष्ट नाहीये ती

सध्या इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरून राहिलाय. स्टीव्हन ब्रॅडबरी नावाचा ऑस्ट्रेलियन, शॉर्ट ट्रॅक स्केटिंगमधला अगदी साधा खेळाडू, 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधे 1000 मीटरच्या फायनलला सगळ्यात मागे होता, पुढचे चौघं एकदम आपटले आणि हा आरामात गोल्ड घेऊन गेला. त्याच्याखाली ज्ञान की धावपळ करू नका, शांत बसा, पुढचे आपोआप पडतात. रामबागेतल्या एका काकांनी तर हे दहावीच्या पोरांना पण पाठवलं, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. चौघं पडले हे खरंय, व्हिडिओ आहे त्याचा. बाकीचं बघा.

"साधा खेळाडू, आधी काहीच जिंकला नव्हता." अहो, 1991 ला सिडनीत वर्ल्ड चॅम्पियनशिपची 5000 मीटर रिले ऑस्ट्रेलियानं जिंकली त्या टीममधे हा होता. 1994 ला लिलेहामरमधे रिलेचं ब्राँझ, आणि विंटर ऑलिंपिकमधलं ऑस्ट्रेलियाचं ते पहिलंच मेडल. त्याच वर्षी माँट्रियलला वर्ल्ड कपमधे दुसऱ्याचं ब्लेड मांडीत घुसलं, चार लिटर रक्त गेलं, 111 टाके पडले. मग 2000 मधे प्रॅक्टिस करताना मान मोडली. तरी 2002 ला परत बर्फावर उभा. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं हे सगळं गाळलं, कारण मग "शांत बसा" कुठे चिकटवणार. आणि एक गंमत, त्या फायनलमधला फेव्हरिट अमेरिकेचा अपोलो ओनो, त्याच्या पायातले स्केटचे बूट ब्रॅडबरीच्याच कंपनीचे होते.

"काही न करता मागे राहिला." मागे राहिला, पण ठरवून. या खेळाचा ट्रॅक बघा, 60 बाय 30 मीटरच्या हॉकीच्या रिंकवर फक्त 111.12 मीटरचा राउंड, 1000 मीटरला असे नऊ राउंड, चार-पाच जण एकत्र, लेन नाहीत, फायनलमधे टायमिंगला किंमत नाही, पहिला कोण एवढंच. वळणावर अंग इतकं आत झुकतं की डावा हात बर्फाला टेकतो, ब्लेडसुद्धा बुटाच्या मधोमध नसतं, डावीकडे सरकवून लावतात. अशा स्पीडला रंगपंचमीच्या गेरमधे, म्हणजे आपल्या इंदूरच्या रंगाच्या मिरवणुकीत, कोपऱ्यावर होतं तेच होतं, एक घसरला की दोन-तीन जणांना घेऊनच जातो. ब्रॅडबरी तेव्हा 28 वर्षांचा, एकाच रात्री एकामागून एक रेसेस, पाय संपलेले, या पोरांना स्पीडनं गाठणं होणार नाही हे त्याला आणि कोचला कळत होतं, म्हणून सेमीफायनलपासून ठरलं की गर्दीपासून लांब राहायचं. नशीब? होतंच की. क्वार्टर फायनलला तो तिसरा आला होता, कॅनडाचा मार्क गॅन्यों बाद झाला म्हणून पुढे गेला. पण फायनलपर्यंत त्या रात्री जो उभा राहतो तो रिकामा बसलेला माणूस नसतो. त्यानं स्वतःही नंतर हेच सांगितलं की मेडल त्या दीड मिनिटासाठी नाही, आधीच्या दहा वर्षांच्या मेहनतीसाठी घेतो.

"पुढचे चौघं रिकाम्या हातानं गेले." साफ खोटं. ओनो मांडीला जखम झालेली असताना धडपडत लाइनीपलीकडे गेला, सिल्व्हर. कॅनडाचा मॅथ्यू टर्कोट, ब्राँझ. चीनचा ली जियाजुन बाद झाला. शांत बसून नाही, पडल्यावर उठूनच मिळालं ना ते? हे पोरांना पाठवा की काका.

आता सगळ्यात मोठी थाप, "हा खेळच नशिबाचा आहे, कोणीही जिंकतं." मग आन ह्युन-सू 2003 ते 2007 लागोपाठ पाच वेळा ओव्हरऑल, म्हणजे सगळी अंतरं मिळून, वर्ल्ड चॅम्पियन कसा झाला? 2006 ला कोरियाकडून तीन ऑलिंपिक गोल्ड, 2014 ला व्हिक्टर आन होऊन रशियाकडून परत तीन. नेदरलँड्सची सुझान शुल्टिंग, 2021 ला डॉर्ड्रेख्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे 500, 1000, 1500, तिन्ही तिचेच. 2018 च्या प्योंगचांग ऑलिंपिकमधे चीनच्या वू दाजिंगनं 500 मीटरला पहिल्यापासून पुढे राहून वर्ल्ड रेकॉर्ड काढला, तिथे मागे थांबून बघा, साडेचार राउंडमधे रेस संपते.

आणि मला जास्त आवडते ती त्याच ऑलिंपिकमधली बायकांची रिले. सेमीफायनलला कोरियाची एक मुलगी सुरुवातीलाच पडली, बाकी टीम्स अर्धा राउंड पुढे, आणि या पोरींनी 27 राउंडच्या रेसमधे सगळ्यांना गाठून हीट जिंकली, ती पण ऑलिंपिक रेकॉर्डनं. मग फायनलला गोल्ड. तिकडे नेदरलँड्स मुख्य फायनलला पोचलीच नव्हती, मागे राहिलेल्या टीम्सच्या बी फायनलमधे होती, तिथे त्यांनी वर्ल्ड रेकॉर्ड केला, आणि मुख्य फायनलमधे चीन आणि कॅनडा दोघं बाद झाले म्हणून ब्राँझ यांना. यात नशीब आहे का? आहे. पण जिथे मेडलच नाही असं वाटतंय अशा रेसमधे वर्ल्ड रेकॉर्ड काढत होत्या त्या.

शेवटचं, फॉरवर्डमधला फोटो. त्यात हेल्मेट नाही, डोक्यावर नुसतं हुड, आणि ट्रॅकवर दोनच जण आहेत. तो लाँग ट्रॅक आहे, 400 मीटरचा, वेगळाच खेळ, तिथे घड्याळाशी रेस असते. तिथे पुढचा पडला तरी मागच्याला स्वतःचं टायमिंग काढावंच लागतं.