कच्छचा किनारा ‘पडीक’ कुणी ठरवला?

कोळंबीशेतीच्या बाजूने एक युक्तिवाद सगळीकडे ऐकू येतो: ‘कच्छच्या किनाऱ्यावरची खारी जमीन पडीकच आहे, गांडो बाभूळ सोडली तर तिथे काही उगवत नाही. तलाव खणले तर कुणाचं काही जात नाही. गेलंच तर तिवरं लावून भरपाई करता येते.’

बाभळीपासून सुरुवात करू. गांडो बाभूळ इथली नाहीच, मूळची अमेरिका खंडातली. कच्छच्या रणाला थोपवायला म्हणून सरकारने १९६०च्या दशकात ती बन्नीच्या गवताळ प्रदेशात लावली आणि ती पसरली. इथलं ते लाणा. गुडघ्याएवढं झुडूप, पान चिमटीत दाबलं की खारट पाणी निघतं. पिलूची झाडं इथली आहेत. जरा उंच, खडकाळ जागी गुग्गुळ आहे, जो आज जगातून नाहीसा होण्याच्या काठावर आहे.

‘पडीक’ हा महसुली कागदावरचा शब्द. मालधाऱ्यांसाठी, म्हणजे इथल्या गुरं-उंट पाळणाऱ्यांसाठी, ते चराऊ रान आहे. इथला खराई उंट भरतीच्या पाण्यात पोहत बेटांवरची तिवरं खायला जातो आणि किनाऱ्यावर परतला की याच खाऱ्या झुडपांवर चरतो. २०१५मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६च्या निकालात तिवरांबरोबर गावाच्या सामायिक जमिनीवरही कोळंबीचे तलाव नकोत असं बजावलं होतं. पण कागदावर ‘पडीक’ लिहिलं की ती सामायिक जमीन दिसेनाशी होते.

‘तलाव खणला तेवढीच जागा जाते’ हे तर मुळातच चूक. बांध आडवा आला की भरतीचं पाणी पलीकडे पोचत नाही आणि तिथली तिवरं उभ्या उभ्या वाळतात. शिवाय कच्छच्या उन्हात तलावातलं पाणी झपाट्याने आटतं, खारटपणा वाढतो. मग एकतर पाणी वारंवार बदलायचं, नाहीतर बोअरचं गोडं पाणी मिसळायचं. बदललेलं पाणी उताराने लाण्यात शिरतं, आणि गोडं पाणी तर कच्छमध्ये माणसांनाच पुरत नाही. कोळंबीचं एक पीक साधारण चार महिन्यांत निघतं. पिलूचं झाड तेवढ्यात वीतभरही वाढत नाही.

तिवरांच्या भरपाईचं म्हणाल, तर तिवर चिखलात वाढतं. लाण्याची जागा ते घेणार कसं?

कोळंबी नकोच, असं मी म्हणत नाही. किनाऱ्यावरच्या घरांना त्या पैशाची गरज आहे. नवे तलाव खणण्याआधी बंद पडलेले पुन्हा चालवा आणि सांडपाणी निवळण्यासाठी वेगळं तळं सक्तीचं करा. नव्या जागेची पाहणी मे महिन्यात करू नका, तेव्हा सगळंच पडीक दिसतं. पाऊस पडून गेल्यावर करा आणि सोबत गावचा मालधारी घ्या. उंट कुठे थांबून चरतो, ते तो चालता चालता दाखवेल.