सुटलात ना? मग तारीख लिहून ठेवा

निर्दोष सुटून चौदा महिने! आज देवगडकडचे एक काका त्या निकालाची नक्कल घेऊन आले. भाऊबंदाने चोरीचं 379 (भारतीय दंड संहितेतलं) लावलं होतं, "माझ्या कलमांचे आंबे चोरले" म्हणून. कलमं सामाईक, काकांच्या आज्याने लावलेली! "आता तेका धडो शिकवूचो आसा," म्हणाले. सांगावं लागलं, काका, मुदत गेली.

खोट्या खटल्याच्या नुकसानभरपाईचा दिवाणी दावा सुटल्यापासून एका वर्षात लावायचा. मुदत कायदा 1963, अनुच्छेद 74. उसनवारीच्या दाव्याला तीन वर्षं, अब्रू गेलेल्याला एक. नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलात वजा होतात, दाव्यात नाहीत. विलंबमाफीचा अर्जही दाव्याला चालत नाही. काकांना हे कोणी सांगितलंच नाही. सगळे पेढे खाऊन मोकळे.

आणि मुदतीत आले असते तरी नुसत्या "सुटलो"वर भागत नाही. निकालपत्राने सुटल्याचं तेवढं सिद्ध होतं. खटला तक्रारदारानेच रेटला, वाजवी कारण नव्हतं, मनात आकस होता, नुकसान झालं, हे सगळं वादीने वेगळं सिद्ध करायचं. "मी फक्त खबर दिली, पुढचं पोलिसांनी केलं" हा ठरलेला बचाव. त्यावर 1908 चा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील कोर्ट) निकाल आहे: खबरीच्या आधी आणि नंतर माणूस कसा वागला ते बघा. काकांचा भाऊबंद तर उलटतपासात कबूल झालाय, सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. असला पुरावा लाखात एखाद्याला मिळतो. गेला वाया.

खऱ्या तक्रारदाराला अशा दाव्यांची धास्ती वाटेल, मान्य. म्हणून तर भार वादीवर ठेवलाय.

असो. काकांवर चिडून काय होणार. ज्यांचा खटला चालू आहे त्यांनी वकील फीच्या पावत्या, जामिनाचे कागद, एसटीची तिकिटं आत्तापासून जपा. तिकिटांची शाई उडते, झेरॉक्स काढा. किती तारखांना हजर होतात ते रोजनाम्यातून, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीतून, निघतं. बुडालेला हंगाम दाखवायला आधीच्या वर्षांच्या दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, लागतात. काकांकडे वाशी बाजाराच्या सगळ्या आहेत, वर्षवार, सुतळीने बांधलेल्या.

निकालाच्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. ती आली नाही म्हणून थांबू नका, दाव्यात तसा उल्लेख करून नंतर हजर करता येते. शेवटचा दिवस मेच्या सुट्टीत आला, तर कोर्ट उघडेल त्याच दिवशी दाखल करा. दुसऱ्या दिवशी नाही.