विदर्भात पाहण्यासारखं काही नाही, हे मत कसं जपावं

"विदर्भात पाहण्यासारखं आहे तरी काय?" असं विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, दुजोरा हवा असतो. तुम्हीही त्यातलेच असाल तर मी तुमच्या बाजूचा आहे. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातला. रस्त्यालगतच्या गावात जन्म गेला. दिवाळीत, उन्हाळ्यात पाहुणे येतात, जातात, मी ओट्यावर बसून पाहतो. बहुतेकांचं मत जसं आणलं तसं परत जातं, घडीसुद्धा मोडत नाही. काहींचं मात्र वाटेत बिघडतं, आणि तेही एवढ्या-तेवढ्या कारणानं. कोणी रस्ता चुकलं, कोणी झाडाखाली डबा खायला बसलं, कोणी चहावाल्याशी गरजेपेक्षा चार शब्द जास्त बोललं. अशांचे हाल पाहून वाटलं, तुम्हाला आधीच सावध करावं.

सगळ्यात आधी महिना. मे निवडा. भर दुपारी पोचाल असं बघा. पारा 45 च्या आसपास असतो, शेतं नांगरून पडलेली असतात, पळसाचा लाल रंगही केव्हाच उतरलेला असतो. "नुसता रखरखाट आहे हो" हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांतच म्हणता येतं आणि प्रवासाचं सार्थक होतं. श्रावणात येऊ नका, डोळ्यांना हिरवळीचा त्रास होतो. नोव्हेंबरात तर मुळीच नको. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटलेली असते, काळ्या जमिनीवर दूरवर पांढरं शेत उभं असतं आणि मागच्या सीटवरून पोरं ओरडतात, "बाबा, थांबवा ना!" थांबलात की संपलं.

थांबायचं नसेल तर समृद्धी महामार्गासारखा मार्ग नाही. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर, कारला ताशी 120 ची मुभा, दोन्ही बाजूंना कुंपण. आमच्या तालुक्यातूनच जातो तो, पण त्याला आमचं गाव दिसत नाही आणि आम्हाला त्याच्यावरची माणसं दिसत नाहीत. दोन्हीकडून अगदी चोख व्यवस्था. सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, धामणगाव, वर्धा अशा पाट्या डोक्यावरून सरकत जातात. पाटी वाचली म्हणजे गाव पाहिलं, असं मनाशी पक्कं करून टाका. घरी गेल्यावर "आम्ही अख्खा विदर्भ आडवा कापला" असं सांगता येतं, आणि ते खोटंही नसतं.

आता समजा सिंदखेडराजाला घरच्यांनी हट्टच धरला. जिजाऊंचं जन्मगाव, 12 जानेवारी 1598. नाही कसं म्हणणार? हरकत नाही. लखुजीराव जाधवांच्या वाड्याचा दरवाजा मोठा आहे, त्याच्यासमोर सगळं कुटुंब मावतं. फोटो काढा आणि गाडीत बसा. दरवाज्याच्या आत जायची गरज नाही, फोटोत आत दिसत नाही. कोणी मोती तलावाचं नाव काढलं, तर "तलाव काय, आमच्याकडेही आहेत" म्हणा. त्या काळी दगडी भिंत घालून पाणी कसं अडवलं आणि गावाकडे कसं सोडलं, हे एकदा कोणी दाखवायला लागलं की अर्धा तास जातो. पुतळा बारव नावाच्या पायऱ्यांच्या विहिरीकडे तर बोटसुद्धा करू देऊ नका. ती जमिनीखाली आहे. वरून काही दिसत नाही, आणि वरून न दिसणाऱ्या गोष्टींसाठी चाललेली गाडी थांबवायची नाही, हा आपला मूळ नियम.

खरी कसोटी लोणारला लागते. इथे भल्याभल्यांची मतं घसरली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लोणारला जाताना मोबाइलमध्ये जून 2020 चा फोटो उघडून ठेवा, ज्यात सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. कठड्याशी उभं राहा, एकदा फोटोकडे बघा, एकदा खाली बघा, आणि मोठ्यानं म्हणा, "हे तर हिरवं आहे!" फसवणूक झाल्याचा चेहरा करा. ते पाणी कडक उन्हानं आटलं, खारटपणा वाढला आणि मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला, असं कोणी समजवायला आलं तर म्हणा, "मग आता का नाही धरत?" असा प्रश्न विचारला की समजवणारा गप्प होतो. गप्प नाही झाला आणि खरंच सांगू लागला, तर तुम्ही गप्प व्हा आणि सेल्फी काढा. त्याच 2020 सालात सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, ही माहितीही तो खिशातून काढतोच. घड्याळ पाहा.

वरून सेल्फीला सात मिनिटं पुरतात. माझ्या पाहण्यातला विक्रम चार मिनिटांचा आहे, त्यातही एक मिनिट टोपी शोधण्यात गेलं होतं. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. एवढं मोठं काही चार मिनिटांत पाहून होतं, म्हणजे तंत्रज्ञान कुठच्या कुठे गेलं!

खाली मात्र उतरायचं नाही. हे अधोरेखित करून घ्या. उतरलेला माणूस कामातून जातो. वाट झाडीतून जाते, लंगूर फांदीवरून तुमच्या पिशवीचा अंदाज घेत असतात, मध्येच मोर ओरडतो. काठाकाठानं पडकी देवळं लागतात, कमळजा देवीचं देऊळ लागतं, आणि तिथे कोणी ना कोणी सासू-सुनेच्या विहिरीची गोष्ट सांगतंच. म्हणतात, एकाच विहिरीचं अर्धं पाणी गोड आणि अर्धं खारं. सासूचं कुठलं आणि सुनेचं कुठलं, यावरून आमच्या एका पाहुण्यांच्या गाडीत नागपूरपर्यंत अबोला होता. त्यापेक्षा वरच बरं. वर काठाशी धारेचं गोड पाणी गोमुखातून पडत राहतं, खाली खारं आणि अल्कधर्मी सरोवर. दोन्हींत फारसं अंतर नाही, तरी असं का, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की हॉटेलची वेळ चुकते.

आणि गाइड घेऊ नका. तो पैसे घेतो ते घेतोच, वर सांगतो की हा खड्डा उल्का आदळून बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, पडलेला आहे, आणि या खडकातले असे खड्डे साऱ्या पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. चंद्रावरचे दगड अभ्यासणारेसुद्धा या दगडाकडे वळतात. आपण ज्या दगडावर केळाचं साल ठेवलं, तोच दगड! अशी ओशाळवाणी वेळ कशाला आणायची? गावातलं दैत्यसूदन मंदिर तर वस्तीतच आहे, घरांच्या मधोमध, त्यामुळे सोडून देणं फार सोपं. गाडी वळायला जागा नाही, एवढं कारण पुरतं.

लोणारहून आमच्या मेहकरला पाऊण तास. इथे शारंगधर बालाजी आहे, काळ्या दगडातली माणसाहून कितीतरी उंच मूर्ती, 1888 मध्ये खोदताना सापडलेली. आमचे साडभाऊ (पुण्यात गेल्यापासून त्यांना साडू म्हटलेलं आवडतं) दर खेपेला बाहेरूनच हात जोडतात. "आत गेलो की चपला सोडाव्या लागतात." बुटाची लेस हे विदर्भाच्या पर्यटनापुढचं फार मोठं संकट आहे, त्याचा कोणी अभ्यास करत नाही.

खाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. ढाब्यावर पनीर बटर मसाला मागा. तो दिल्लीपासून मदुराईपर्यंत सारखाच लागतो, त्यामुळे आपण कुठे आहोत हे कळत नाही आणि तोच आपला हेतू आहे. कॅन्टीनवर जाऊ नका. आमच्याकडे चार बाकं आणि एक स्टोव्ह असला की त्याला कॅन्टीन म्हणतात. तिथे आलुबोंड्यावर तर्री ओतून मिळते आणि पोऱ्या विचारतो, "सांभार टाकू काय जी?" एका पाहुण्यांनी "टाक, पण वाटीत वेगळं दे" म्हटलं. त्यानं वाटीभर कोथिंबीर आणून ठेवली. त्यांनी ती खाल्ली, पुढे दोन तास त्या कॅन्टीनवाल्याशी बोलत बसले, पावसापाण्याचं, तुरीच्या भावाचं. हे गृहस्थ आता दरवर्षी येतात. गेलेली केस.

कारंज्याच्या बाजूला आलात तर शकुंतला या नावाला भुलू नका. ती मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची अरुंद रुळांची गाडी, इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला आलेली. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावत होती. मी लहानपणी बसलोय तिच्यात. मामा म्हणायचे, उतरून शेंगा तोडून परत चढता येतं. मी तसं केलं नाही, पण करता आलं असतं हे नक्की. आता गाडी नाही, गवतात रूळ आहेत. समृद्धीवरून ते दिसत नाहीत, ही जमेची बाजू. दोन रुळांमध्ये उगवलेल्या बाभळीकडे बघत उभं राहिलं की माणूस काहीतरी विचार करायला लागतो, आणि मग जेवण गोड लागत नाही.

वर्ध्याला आलं की एक अवघड जागा आहे, सेवाग्राम. गांधीजी इथे 1936 मध्ये आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावाशी घोटाळा व्हायचा, पत्रं तिकडे जायची, म्हणून पुढे 1940 मध्ये सेवाग्राम केलं. तुमच्या मोबाइलच्या नकाशालाही कधीमधी असाच गोंधळ घालू द्या. सेवाग्राम म्हणून टाका आणि शेगावला पोचा. कचोरी तरी मिळेल. नाहीच जमलं आणि आश्रमातच पोचलात, तर मातीच्या कुटीत फार वेळ काढू नका. तिथे साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलाय, मारायचा नाही, पकडून रानात सोडायचा म्हणून. एक टेलिफोन आहे, व्हाइसरॉय लिनलिथगोनं बसवून दिलेला. सापाचा पिंजरा आणि व्हाइसरॉयचा फोन एकाच आश्रमात! पोरं प्रश्न विचारतात. "गूगल कर" म्हणून सांगा.

तिथून पवनार जवळच आहे, म्हणूनच धोका जास्त. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. तिथल्या लोकांनी शेतीसाठी जमीन खोदली तर जुन्या मूर्ती निघाल्या, त्यात राम आणि भरताच्या भेटीचंही शिल्प. आपण खोदलं की पाइपलाइन फुटते, त्यांनी खोदलं की वाकाटक राजांचा दीड हजार वर्षांपूर्वीचा काळ वर आला. असला भेदभाव बघून मन खट्टू होतं, म्हणून मी पाहुण्यांना पवनारचा पूल शक्यतो न बोलता ओलांडायला लावतो.

नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळं आहेत, तीनएकशे. लोहयुगात आपली माणसं पुरून त्यांच्याभोवती गोट्यांची वर्तुळं रचलेली. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या साहेबानं 1879 मध्ये ती खणून पाहिली. आपण पाहायची काही गरज नाही. गोटेच आहेत.

आणि निघताना वेफर्सची पाकिटं काचेतून बाहेर टाकत चला. गाडगेबाबा आमच्याच मुलखातले, अमरावती जिल्ह्यात शेंडगावला 1876 मध्ये जन्मले. गावात पाऊल टाकलं की आधी झाडू हातात घेत. त्यांच्यासाठी काम शिल्लक ठेवणं हे आपलं कर्तव्यच आहे.

तर एवढं सगळं पाळून आमचे साडभाऊ गेल्या मे महिन्यात येऊन गेले. मत अखंड. परतीच्या दिवशी सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं. त्यांची मुलगी, नववीतली, उठून गावात कुठेतरी गेली होती. शोधायला निघालो तर ती आमच्या गावच्या बारवेच्या पायऱ्यांवर बसलेली. बारव आहे आमच्याकडे, सांगायचं राहिलं. सांगण्यासारखं वाटलं नाही कधी. पाणी कमी, गणपतीची फुलं, प्लास्टिकच्या पिशव्या जास्त. मी लहानपणी तिच्यात पोहायला शिकलो, नंतरची चाळीस वर्षं तिच्यावरून वळसा घालून शेतात जातोय.

पोरगी म्हणाली, "काका, त्या दगडावर काय कोरलंय?"

"कुठल्या?"

खालच्या पायरीवर एक म्हातारी धुणं धूत होती. ज्याच्यावर ती लुगडं आपटत होती, तो दगड पोरगी दाखवत होती. मी वाकून पाहिलं. नक्षीसारखं काहीतरी होतं, झिजलेलं.

"माय, हे काय होय?" मी विचारलं.

"गोटा होय बाप्पा."

"किती जुना असंन?"

"मी नांदाले आली तवापासून हाये."

वरून साडभाऊंनी हॉर्न दिला. टोलनाक्यावर रांग लागेल म्हणून. पोरगी हलेना. म्हातारीनं लुगडं पिळलं, खांद्यावर टाकलं आणि तांब्यानं दगडावर पाणी ओतलं. ओल्या दगडावर आधी एक पाऊल दिसलं, मग त्यातला तोडा, मग गुडघ्यात वाकलेला पाय. वरचा भाग नव्हता. किंवा होता आणि चिखलात होता.

पुन्हा हॉर्न.

"हे तं काहीच नाही पोरी," म्हातारी म्हणाली, "तिकडल्या अंगाले अख्खी बाई हाये कोरेल. तिकडं मी कापडं आपटत नाही."